शाळेमागची रुई आणि आमची पाहुणेवही

आमच्या शाळेच्या मागे, जिथं कंपाउंडची भिंत दोन-तीन हात पडलीये, तिथं एक रुई आहे. माझ्या डोक्याच्याही वर गेलीये. कुणी लावली नाही, कुणी कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, मुरमाड जमीन, उन्हाळ्यात तर तिथं पाय ठेववत नाही, तरी ही आपली हिरवीगार. शेळ्या रोज तिथून जातात, एकदा हुंगतात आणि पुढच्या बाभळीकडे पळतात. मी ह्या शाळेत आले तेव्हा मला वाटलं होतं हे कशाला ठेवलंय, काढून टाकू आणि दोन चांगली झाडं लावू. आता कुणी तिला हात लावतो म्हणालं तर आख्खी दुसरी-तिसरी अंगावर धावून जाईल, आणि सगळ्यात पुढं मी असेन.

सासवडच्या पुढं आमचं गाव. जिल्हा परिषदेची शाळा, दोन शिक्षक, माझ्याकडे दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत, मिळून सतरा पोरं. तिसरीला परिसर अभ्यास असतो, त्यात सजीवांचं एकमेकांशी असलेलं नातं, अन्नसाखळी वगैरे येतं. वर्गात चार्ट आहे, आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलाय तोच, गवत, मग नाकतोडा, मग बेडूक, मग साप, मग वर घार. पोरं तो चार्ट कविता म्हणावी तसा म्हणून दाखवतात. पहिल्या वर्षी मी खूश होते. मग परीक्षेत म्हणलं चला, चार्टवरचं नको, आपल्या गावातली एक साखळी काढा. सतरापैकी पंधरा जणांनी परत गवत-नाकतोडा-बेडूक-साप-घारच काढलं. एकाने शेवटी घारीला वाघ खातो असं दाखवलं, आणि एकीनं कागद कोराच दिला. मला त्या कोऱ्या कागदाचं खरंच वाईट वाटलं कारण ही पोरगी रोज सकाळी गुरं सोडायला जाते, शेणातला किडा गोळा कसा ढकलतो हे तिनंच मला दाखवलं होतं, म्हणजे तिला साखळ्या दहा माहिती होत्या पण त्या चार्टमधे नव्हत्या म्हणून तिला वाटलं आपल्याला काहीच येत नाही.

आणि बाणांचा घोळ वेगळाच. लहान मुलांना बाण म्हणजे "ह्यानं त्याला खाल्लं" असा वाटतो, म्हणून ती खाणाऱ्याकडून खाण्याकडे बाण काढतात, बेडकाकडून नाकतोड्याकडे. दरवर्षी होतं हे. मी आता बाण शिकवायच्या आधी एवढंच विचारते, तुझ्या डब्यातली भाकरी कुठं गेली? पोटात. मग भाकरीकडून तुझ्याकडे बाण काढ. जेवण जिकडं गेलं तिकडं बाणाचं तोंड. एकदा हे डोक्यात बसलं की परत चुकत नाहीत.

तर त्या कोऱ्या कागदानंतर मी ठरवलं की चार्ट शेवटी काढायचा, सुरुवात एका झाडापासून करायची. झाड कुठलं घ्यायचं ह्यावर बराच विचार केला. आंबा, चिंच मोठी झाडं, वर काय चाललंय ते पोरांना दिसत नाही. वर्गासमोरच्या जास्वंदीला फुलं आली की तोडली जातात. रुई मात्र पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला, पानं तळहाताहून मोठी, पानाखाली काय आहे ते वाकून बघता येतं, आणि मुख्य म्हणजे तिला कुणी खात नाही असं सगळ्यांचं ठाम मत होतं. मी विचारलं, रुई कोण खातं? सतरा जण एका सुरात, कुणीच न्हाई बाई, इखारी असती ती. म्हणलं बरं, मग बघू.

एक गोष्ट आधीच सांगते, कुणी हे वाचून मुलांना रुईपाशी नेणार असाल तर. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला खरोखर इजा होते, नजर धूसर होते, दवाखाना गाठावा लागतो. त्यामुळे आमचा पहिला नियम असा की पान तोडायचं नाही, वाकवायचं असेल तर बाईंनी वाकवायचं, आणि वर्गात परत येताना साबणानं हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. दोन वर्षात एकदाही कुणी नियम मोडला नाही, कारण मी भीती घातली नाही, चीक का असतो ते समजावलं. झाडाला पळता येत नाही, चावता येत नाही, मग त्यानं काय करावं? त्यानं आपल्या पानात कडू विषारी दूध भरून ठेवलं.

मग एक दोनशेपानी वही आणली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, पाहुणेवही. आत चारच रकाने, तारीख, पाहुणा, कशाला आला, कुणी पाहिलं. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मधल्या सुट्टीच्या आधी दहा मिनिटं, एका वेळी पाच-सहा पोरं, हातात दोन भिंगं. नाव माहिती नसेल तर चित्र काढायचं. मी नावं आधी सांगत नाही, कारण एकदा नाव सांगितलं की पोरं बघणं थांबवतात असा माझा अनुभव आहे, "हां, लेडीबर्ड" म्हणायचं आणि पुढं. नाव नसलं की मग पाय किती, पाठीवर काय, चालतो कसा, खातो काय, सगळं बघावं लागतं.

"कशाला आला" हा रकाना मी सहज ठेवला होता पण सगळी गंमत त्यातच निघाली. चार्टमधे एकच नातं असतं, खाणं. आमच्या वहीत महिनाभरात लिहिलं गेलं, खायला, रस प्यायला, लपायला, अंडी घालायला, दुसऱ्याला पकडायला, जाळं बांधायला, ऊन खायला (हा सरडा होता), आणि एका दुसरीतल्या पोरानं लिहिलं "नुस्ता बसायला". कोतवाल पक्षी वरच्या फांदीवर बसला होता. मी ते खोडलं नाही. चार दिवसांनी त्याच पोरानं त्याला तिथून झेप घेऊन उडता किडा धरताना बघितलं, आणि स्वतःच जाऊन पुढं लिहिलं, "बसून वाट बघायला".

आता अळी. जुलैच्या शेवटी एका मुलीनं पानाखाली टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं अंडं शोधलं. एकटंच. दोन-तीन दिवसात ते फुटलं आणि आतून एवढीशी अळी, मग ती वाढत गेली, काळे-पांढरे पट्टे, मधे पिवळे ठिपके, आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. प्लेन टायगर नावाच्या फुलपाखराची ही अळी, ते नारिंगी रंगाचं, पंखांच्या टोकाला काळं-पांढरं असतं ते, तुम्ही नक्की पाहिलं असेल, आपल्याकडे सगळीकडे असतं. ती रुई खात होती. "कुणीच खात न्हाई" हे उत्तर तिथंच गळून पडलं, आणि ते मी पाडलं नाही, त्यांच्यातल्याच एका पोरीनं पाडलं.

मी त्यांना फक्त एवढंच म्हणलं की ती खायच्या आधी काय करते ते बघा. दोन शुक्रवार गेले. मग एकजण ओरडत आला, बाई ती आधी शीर कुरतडती, चीक गळून जाऊ देती आन मग फुडचं पान खाती! अगदी बरोबर. अळी पानाची शीर चावून चिकाचा नळच बंद करते आणि मग निवांत जेवते. आणि जे थोडंफार विष पोटात जातं ते ती टाकून देत नाही, अंगात साठवते, ते पुढं फुलपाखरात पण उतरतं. पक्ष्यानं एकदा चोच मारली की त्याला तोंड कडू होऊन उलटी व्हायची वेळ येते, परत तो त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून ते फुलपाखरू एवढं भडक आणि एवढं सावकाश उडतं, त्याला घाई कशाची.

ह्यावर मी त्यांना बहुरूप्याची गोष्ट सांगितली. आमच्याकडे अजून अधूनमधून बहुरूपी येतात, पोलिसाचं सोंग घेऊन, त्यामुळे पोरांना शब्द माहिती होता. डॅनेड एगफ्लाय म्हणून दुसरं एक फुलपाखरू आहे, त्याची मादी हुबेहूब ह्या प्लेन टायगरसारखी दिसते, पण तिची अळी रुई खात नाही, घोळ खाते, आपण भाजी करतो ती घोळ. म्हणजे तिच्या अंगात विष नाही, नुसते कपडे विषारी फुलपाखराचे. पक्षी फसतात आणि तिला सोडून देतात. नर मात्र काळा, त्यावर मोठे पांढरे ठिपके, तो सोंग घेत नाही. पोरं हे ऐकून इतकी थरारली की पुढचा आठवडाभर प्रत्येक नारिंगी फुलपाखरामागे, "बाई हे खरं का सोंगाचं?" मागच्या पंखावर काळे ठिपके मोजायला शिकवलं, प्लेन टायगरला मधे तीन-चार असतात, सोंगाच्या मादीला ठळक एक, वरच्या कडेला. आठ वर्षाची पोरं हे उडत्या फुलपाखरावर बघतात, मला भिंग लागतं.

आता जे सांगायचंय ते मला अजून पचलेलं नाही. आम्ही दोन अळ्या वर्गात आणून ठेवल्या, वर जाळी बांधलेल्या डब्यात, रोज ताजं पान मी आणून घालायचे. दोन्ही कोषात गेल्या, हिरवे सुंदर कोष, त्यावर सोनेरी ठिपके. एकातून नवव्या दिवशी फुलपाखरू निघालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, खिडकीतून सोडलं. दुसरा कोष काळपट पडला. मग एका सकाळी डब्याच्या तळाशी पांढऱ्या चार अळ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी गव्हाच्या दाण्यासारखे तपकिरी कोष. एका मुलीला रडू फुटलं, तिचं बघून आणखी तिघांना. मला पण काही सुचेना, पहिला विचार आला की डबा उचलावा आणि बाहेर टाकावा.

नाही टाकला. म्हणलं थांबा, हे कोण आहेत ते बघू, ह्यांची पण नोंद करायची. दहा-बारा दिवसांनी त्यातून करड्या रंगाच्या केसाळ माश्या निघाल्या. काही माश्या अशा असतात की त्या अळीच्या अंगावर किंवा अळी खाते त्या पानावर अंडी घालतात, आणि त्यांची पिल्लं अळीला आतून खात वाढतात. विष साठवलेल्या अळीला पक्षी खात नाही पण ही माशी खाते. मी पोरांना विचारलं, आता ह्या माश्यांचं काय करायचं? अर्धा वर्ग म्हणाला मारा. ती सगळ्यात जास्त रडलेली पोरगी बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, बाई पण समद्या अळ्या जगल्या तर रुईच उरायची न्हाई. मला खरंच सांगते हे मी शिकवलेलं नव्हतं. रुईची पानं ती महिनाभर बघत होती, अळ्यांनी एक फांदी कशी नुसत्या देठांची करून टाकली होती ते तिनं बघितलं होतं. माश्या आम्ही सोडल्या. दोघं-तिघं तरीही रागावलेलेच राहिले, आणि मी त्यांचा राग समजावून घालवायचा प्रयत्न केला नाही. आठव्या वर्षी फुलपाखराची बाजू घ्यावीशी वाटणं हे चांगलंच लक्षण आहे.

मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय, मुलांना "मित्र कीटक" आणि "शत्रू कीटक" असे दोन गट शिकवतात. शेतकऱ्यासाठी ते ठीक आहे, त्याला पीक वाचवायचंय. पण लहान मुलांना सुरुवातच तिथून केली तर पुढचं दार बंद होतं असं माझं स्पष्ट मत आहे. मित्र कुणाचा? माशी अळीची शत्रू, रुईची मित्र. हे पोरांना आपोआप कळतं जर आपण आधी शिक्के मारले नाहीत तर.

थंडीत मावा पडला. रुईच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा, इतका की देठ दिसेना. आमच्या भागात मावा माहिती नाही असं पोर नाही, घेवडा, वाटाणा, सगळ्यावर पडतो, आणि मावा म्हणलं की पुढचा शब्द औषध. त्यामुळे पहिल्याच दिवशी, "बाई औषध मारायचं का?" म्हणलं नको, पाहुणेवहीत लिहा आणि रोज बघा. ह्या वेळी मंगळवार-शुक्रवार सोडून आम्ही रोज गेलो.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून गर्दी वाढायला लागली. मुंगळे आले, ते माव्याला मारत नव्हते, मिशांनी गोंजारत होते आणि माव्याच्या मागून गोड थेंब निघाला की पीत होते. एक पोरगा म्हणाला, बाई हे तर धारा काढत्यात. ह्यापेक्षा चांगली उपमा मला वीस वर्षात सुचली नसती, त्याच्या घरी चार म्हशी आहेत. मग ढालकिडे आले, लाल पाठीवर काळे ठिपके, सगळ्यांचे लाडके. पण त्यांच्याबरोबर काळे-करडे, नारिंगी ठिपक्यांचे, लांबट सहा पायांचे प्राणी पण दिसायला लागले आणि पोरांना ते अजिबात आवडले नाहीत, "मगर" नाव ठेवलं त्यांना. एक मगर भिंगाखाली मावा धरून चावत होती. मी नाव सांगितलं नाही. आठवड्यानं एका मगरीनं पानाला चिकटून स्वतःचं गाठोडं केलं, आणि त्यातून पुढच्या आठवड्यात निघाला ढालकिडा, आधी फिकट पिवळा, ठिपक्यांशिवाय, तासा-दोन तासात रंग चढला. त्या दिवशी वर्गात जो कल्ला झाला, शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

मग आकडा सांगितला, एक मगर मोठी होईपर्यंत शेकड्यांनी मावा खाते. आणि माव्याकडे काय उपाय? मावा अंडी घालत बसत नाही, थेट पिल्लं देतो, रुईवरच्या ह्या पिवळ्या माव्यात तर सगळ्या माद्याच, आणि आठ-दहा दिवसात त्या पिल्लांना परत पिल्लं. आम्ही फळ्यावर गणित मांडलं, एका माव्यापासून सुरू करून, रोज दोन-तीन पिल्लं धरली तर किती, तिसरीच्या पोरांची संख्या संपली पण मावा संपेना. गुणाकार शिकवायला मला ह्याहून बरं उदाहरण मिळालेलं नाही.

ह्याच सुमारास तिसरीतल्या एकीच्या वडलांच्या घेवड्यावर मावा पडला. पोरीनं घरी जाऊन सांगितलं की पानांवर मगरी आहेत का बघा, असतील तर थांबा. ते शाळेत आले, रागावून नाही, विचारायला. मी त्यांना रुई दाखवली. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाले, बाई तुमचं खरं आहे पण माझा तोडा चार दिवसांवर आलाय. फवारणी केली त्यांनी. मी त्यांना चूक म्हणणार नाही, हंगामाचा पैसा त्या घेवड्यात होता, आणि पोरीला पण मी तेच सांगितलं. पण ती शेतातून मेलेले ढालकिडे काड्यापेटीत घालून घेऊन आली, नऊ होते. आणि अडीच आठवड्यांनी तिनंच सांगितलं की मावा परत पडलाय आणि मगरी एक पण नाही. का, ते तिच्याच वर्गमित्रांनी सांगितलं, फळ्यावरचं गणित आठवून. मावा आठ-दहा दिवसात कितीतरी पट होतो, ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायला तीन आठवडे लागतात. तिच्या वडलांनी ह्या वर्षी बांधाला दोन ओळी चवळी लावलीये, तिच्यावर मावा आधी येतो आणि ढालकिडे तिथं थांबतात म्हणून. ते मी सुचवलं नव्हतं, त्यांना कृषी सहायकांनी सांगितलं, पण त्यांना विचारायला ते गेले ते रुई बघूनच.

शनिवारचं एक राहिलंच. आमच्याकडे शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ असते. एका शनिवारी माळेतल्या पानावर अळी होती, पोरांनी देवळातच पाहिली, आणि एकानं पुजाऱ्यांना विचारलं की आजोबा ही अळी मी परत रुईवर सोडू का. त्यांनी पान सोडवून दिलं हातात. आता ते स्वतः माळ करताना पानं उलटी करून बघतात, अंडं असलेलं पान बाजूला ठेवतात. कुणी त्यांना सांगितलं नाही, मी तर नाहीच, देवाधर्माच्या गोष्टीत मी पोरांच्या तोंडून काही वदवून घेत नाही.

गिधाडांबद्दल लिहायचं का नाही ह्याचा विचार करत होते, कारण तिथं माझी चूक झाली. एका मुलाचे पणजोबा, गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, पंच्याऐंशीच्या पुढचे, त्यांना मी वर्गात बोलावलं होतं, जुनं गाव कसं होतं ते सांगायला. त्यांनी सांगितलं की ओढ्यापलीकडे मेलेलं जनावर टाकायची जागा होती, जनावर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची, पन्नास-साठ, आणि दिवस मावळायच्या आत नुसता सापळा. मग पोरांनी साहजिक विचारलं, आता कुठं गेली? आबा म्हणाले कुणास ठाऊक, एका सालात कमी कमी होत गेली. मग मी सांगितलं. डायक्लोफेनॅक नावाचं दुखण्यावरचं औषध जनावरांना द्यायचे, ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाच्या किडन्या बंद पडायच्या. नव्वदच्या दशकापासून पुढच्या पंधरा वर्षात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं आपल्या देशात शंभरातली एक सुद्धा उरली नाही. २००४ मधे कारण सापडलं आणि २००६ मधे भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, नंतर २०२३ मधे आणखी दोन औषधांवर. गिधाडं गेली तशी मेलेली जनावरं कुत्र्यांना उरली, कुत्री वाढली.

हे सगळं खरं आहे आणि सांगायलाच हवं, पण सात-आठ वर्षांच्या मुलांना मी ते ज्या पद्धतीनं एका दमात सांगितलं ती पद्धत चुकली. दुसऱ्या दिवशी कळलं की धारांच्या उपमेवाल्या पोरानं घरी म्हैस आजारी असताना डॉक्टरांना इंजेक्शन देऊ दिलं नाही, गोठ्याच्या दारात आडवा उभा राहिला, रडून गोंधळ घातला. त्याला वाटलं औषध म्हणजे गिधाड मेलं. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. डॉक्टर तिथंच होते, त्यांनीच त्याला बाटली दाखवली, मेलॉक्सिकॅम, आणि सांगितलं की हे गिधाडाला चालतं, म्हणून आम्ही हेच देतो. मग पोरगा बाजूला झाला आणि म्हशीचं डोकं धरून उभा राहिला. तेव्हापासून मी एक पाळते. लहान मुलांपुढं नुकसान मांडायचं असेल तर त्याच बसण्यात, त्याच तासाला, माणसं त्यावर काय करतायत ते पण मांडायचं. उद्यावर ठेवायचं नाही. मुलं रात्री ते घेऊन झोपतात.

बाकी लहानसहान बरंच केलं. जूनमधे एक खड्डा करून त्यात केळीची साल, रुईचं पिकलेलं पान, शेणाची गोवरी, बिस्किटाचा कागद असं पुरलं, गणपतीच्या आधी उकरलं. साल नाहीच, पानाची जाळी, गोवरीत गांडुळं, कागद होता तसा, वरची अक्षरं सुद्धा वाचता आली. त्याचं मला फार बोलावंच लागलं नाही.

शहरात राहणाऱ्या मैत्रिणी विचारतात आम्ही कुठून आणू रुई. नका आणू. कुंडीत कढीपत्ता असेल तर पुरे. पावसाळ्यात त्यावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं अंडी घालतात, त्यांची अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार, आणि बोटानं हलकेच डिवचली की डोक्यामागून शिंगं बाहेर काढते आणि आंबूस वास सोडते. फोडणीला पानं तोडताना ती दिसली की फेकू नका एवढंच. एक फांदी तिला द्या, बाकीची तुम्ही घ्या. आणि मुलाच्या हातात वही द्या, "कशाला आला" हा रकाना असलेली.

फेब्रुवारीत रुईची फळं तडकली. म्हाताऱ्या उडायला लागल्या आणि शाळा भरायच्या आधी मैदानात नुसती पळापळ, कुणाची म्हातारी किती लांब जाते. ह्या फळांचं श्रेय मोठ्या काळ्या भुंग्याचं, हे पोरांना आता माहितीये. रुईच्या फुलात पराग सुटा नसतो, चिकट पुड्यांची जोडी असते आणि ती भुंग्याच्या पायाला चिमट्यासारखी अडकते, मग दुसऱ्या फुलात जाऊन बसते. म्हणून शंभर फुलांत फळं मोजकीच.

मार्चमधे ती कोऱ्या कागदाची पोरगी, आता ती चौथीत आहे, माझ्या वर्गात नाही, मधल्या सुट्टीत आली. हातात वाऱ्यानं पडलेलं शिंप्याचं घरटं, दोन पानं दोऱ्यानं शिवलेली, रिकामं. आत सगळी रुईची म्हातारी, पांढरी, चकचकीत, मऊ. तिनं न विचारता कपाटातून पाहुणेवही काढली, शेवटच्या पानावर तारीख टाकली, पाहुणा, शिंपी पक्षी. कशाला आला, गादी न्यायला. मग त्या घरट्यातला चिमूटभर कापूस काढून सेलोटेपनं त्या ओळीशेजारी चिकटवला, आणि वही परत कपाटात ठेवून हात धुवायला गेली.